वेळ वाचवणारं घर

टप्प.

दुपारच्या शांततेत न्हाणीघराच्या भिंतीवरचा चिकटणारा हुक पडला. 'पाच किलो वजन सहज पेलतो' असं त्याच्या पाकिटावर छापलं होतं. त्याच्यावर एक हातरुमाल होता. (ओला होता, हे मान्य करायला हवं.) लेक जागी झाली, आणि मी लिहीत होते ते वाक्य तिथंच राहिलं.

वाचवलेला वेळ हाच सुखी संसाराचा पाया होय, याबद्दल आता दुमत उरलेलं नाही. पूर्वी हा वेळ फक्त श्रीमंतांना परवडायचा. आता तो माफक किमतीत घरपोच मिळतो. आमच्या कुटुंबाने या क्षेत्रात केलेली प्रगती इतरांना मार्गदर्शक ठरावी, म्हणून नमूद करते.

सुरुवात लसूण सोलायच्या रबरी नळीपासून झाली. पाकळ्या आत घालायच्या, ओट्यावर नळी लाटायची, की लसूण चुटकीसरशी सोलून बाहेर. नळी आतून धुणं मात्र चुटकीत होत नाही. म्हणून बारीक ब्रश आणला. ब्रश वाळवायला स्टँड आणला. स्टँडखाली पाणी साचतं म्हणून पाणी शोषणारी चटई आणली, आणि ती दर आठवड्याला उन्हात टाकायची चांगली सवय मला लागली. आमच्या घरी केलेल्या पाहणीनुसार (पाहणारी मी एकटीच) लसणाच्या कामात मोठी बचत झाली आहे. एकूण कामाचे आकडे अद्याप हाती आलेले नाहीत.

पुढच्या टप्प्यात खणात कप्पे बसवले. आता प्रत्येक चमच्याला स्वतःचं घर आहे, फक्त झारा बेघर झाला. सासूबाई तो हातात धरून स्वयंपाकघरभर फिरल्या.

"अगं, याला कुठे झोपवू?"

"आई, त्याच्यासाठी वेगळा स्टँड मागवलाय."

"मागव हो. स्टँडला ठेवायला मोठं घरही मागव."

नवऱ्याचं पूर्ण सहकार्य आहे. (तो मधे पडत नाही.)

या सगळ्या योजनेची खरी लाभार्थी मात्र आमची लेक भिंगरी, वय वर्षे चार. तिला डॉक्टर-डॉक्टर खेळायचं असतं. डॉक्टर ती, पेशंट मी. पेशंटने नुसतं आडवं पडायचं, मधूनमधून कण्हायचं. आईसाठी याहून सोयीचा खेळ अजून कुणी शोधलेला नाही. तरीही, जगात आडवं पडायला मिळावं म्हणून जी बाई जीव टाकते, तीच रोज पेशंट व्हायला नकार देते. कारण कामं असतात. म्हणून मी तिला शब्द दिलाय: या वस्तूंमुळे जो वेळ वाचेल, तो सगळा तुझा.

तर त्या दुपारी हुक पडल्यावर ती उठली ती थेट पट्टीचा गुंडाळा घेऊनच आली. पलंगावर उशी ठेवली, उशी थोपटली, पट्टी उलगडली.

"चल, झोप. तुझा पाय मोडलाय."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. नवीन खोकं. मी कात्री शोधू लागले.

"दोनच मिनिटं हं, राणी."

"यात काय आहे?"

"कपड्यांच्या एकसारख्या घड्या घालायची पाटी. वेळ वाचतो."

"लसणाच्या नळीने पण वाचला?"

"हो."

"आणि कप्प्यांनी?"

"हो गं. खूप वाचला."

(वाचक हसत असतील, तर हरकत नाही. फक्त हे वाचताना आतून कुणी हाक मारली होती का, आणि तुम्ही मान वर न करता 'आलो, आले' म्हणालात का, तेवढं एकदा आठवून पाहा.)

भिंगरीने पट्टी हळूहळू पुन्हा गुंडाळली. मग पलंगावर चढली, स्वतःच त्या उशीवर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली,

"आई, इतका सगळा वेळ तू कुणासाठी वाचवून ठेवलायस?"