निम्म्या मेंढरांचं औषध

गोरख खिशात लेंड्या घेऊन फिरायचा. मेंढरांच्या. बाकीची पोरं शर्टाच्या ज्या खिशाला पेन लावतात, त्या खिशात याच्या नंबर घातलेल्या कागदी पुड्या. एकदा क्रांती चौकात चहा पिऊन झाल्यावर त्यानं बडीशेप म्हणून भलतीच पुडी माझ्यापुढं केली, आणि वर म्हणतो कसा, "घाबरू नको, वाळलेली हाय."

तीन वर्षांची बीएस्सी झाली की शहाणी माणसं बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या मागं लागतात. बीएस्सीलाच जोडलेल्या, संशोधनाच्या चौथ्या वर्षाला प्राणिशास्त्रात आम्ही दोघंच उरलो. मी, कारण घरी लग्नाचा विषय निघाला होता. आणि गोरख, कारण करमाडकडं त्याच्या घरी चाळीस मेंढरं होती आणि त्यांच्या पोटातल्या जंतांवर प्रोजेक्ट करायचा त्यानं चंगच बांधला होता.

संशोधन त्याच्या अंगातच आलं. वडापाव बरा आहे म्हटलं तर, "एकच खाल्ला ना? नमुना लहान हाय." मला बघायला आलेल्या पोराला मी नकार दिला, तर हा गडी माझ्या आईसमोर बसून मान हलवायला लागला. एकाच पोरावरून निष्कर्ष काढणं बराबर नाय, निदान तीस तरी बघायला पाहिजेत म्हणे. आईनं त्याला पुन्हा चहा विचारला नाही.

प्रोजेक्टच्या सरांनी प्रयोग आखून दिला होता. वीस मेंढरांना जंताचं औषध पाजायचं, वीस तशीच ठेवायची, आणि महिनाभर दोन्हीकडच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची. फरक दिसला की प्रोजेक्ट झाला, डिग्री हातात. आम्ही मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचो. गोरखला पुडीवरचा नंबरही बघावा लागत नसे. लेंडी बघूनच, ही लाडीची, लई हावरट हाय, असं सांगायचा आणि ते खरं निघायचं.

पंधरा दिवस झकास गेले. मग औषध न पाजलेल्या विसांचीही अंडी एकाएकी गायब झाली. मी काचा धुऊन बघितल्या, दोनदोनदा मोजून बघितलं. सर हैराण. गोरख मात्र मला टाळायला लागला. शेवटी जिन्यात गाठला तेव्हा कबूल झाला, सगळ्यांनाच औषध पाजलं म्हणून.

मी कपाळावर हात मारला. मग मैत्रिणीच्या नात्यानं नको तो सल्लाही दिला, जुनेच आकडे पुढं ओढ, कुणाला कळतंय? त्यानं हातातली वही मिटून पिशवीत टाकली. मलाच माझी लाज वाटली.

त्यानं खरं तेच लिहिलं. 'पंधराव्या दिवशी संशोधकाने उरलेल्या वीस मेंढ्यांनाही औषध दिले.' सरांनी कागद वाचला, चष्मा काढला. सगळी मेहनत पाण्यात गेली, वर्ष वाया जाऊ शकतं, हे कळत होतं का, असं त्यांनी विचारलं.

"कळत व्हतं, सर. पर मेंढीची पापणी उलटून बघितली तर पांढरीफटक. जंतांनी अंगात रक्तच ठिवलं नाय. औषधाची बाटली माझ्या पिशवीत, आन् म्या आपला वहीत लिहीत उभा."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, मुदत वाढवून घेऊ, दुसरा विषय नव्यानं मांडू. गोरखनं मान डोलावली. आम्ही निघालो, तेव्हा सरांनी मागून विचारलं, ती वीस मेंढरं आता बरी आहेत ना?

गोरख दारातच थांबला.

"एकोणीस बरी हायत, सर. एकीला म्या उशीर केला."