कॅसिनोत न टाकलेलं पाऊल

सगळा घोटाळा अंगठ्यापासून सुरू झाला आणि तळपायावर येऊन थांबला. मधल्या अवयवांचा त्यात काही दोष नाही, असं डॉक्टरांचंही मत पडलं.

आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गंधारनं ग्रुपवर विचारलं, 'लास व्हेगस, चार दिवस गोल्फ, कोण कोण येणार?' तेव्हा मी कणीक मळत होतो (गुरुवारी बायकोची, सुनीतीची, मीटिंग असते). हात बरबटलेले, त्यामुळे करंगळीनं जमेल तेवढं उत्तर दिलं: एक अंगठा. म्हणजे नाही. पण गंधारला इथं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या न्यू लिनला राहून सोळा वर्षं झालीत, तो पार इथला झालाय. त्यानं तो होकार समजला आणि दहा मिनिटांत तिघांची तिकिटं काढून मोकळा झाला. रिफंड नसलेली.

तिसरा रमण. तो काउन्सिलमध्ये घरांच्या बांधकामांना परवानग्या देतो, म्हणजे बहुतेक वेळा देत नाही. नियमातल्या शब्दाचा कीस पाडणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे. पुढे यानंच मला गोत्यात आणलं.

माझ्या गोल्फबद्दल सांगायचं तर, गंधारनं मार्चमध्ये मला क्लबात नेलं आणि माझा हँडिकॅप काढून दिला. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे आपण किती वाईट खेळतो त्याचा आकडा. जितका मोठा, तितका माणूस टाकाऊ. माझा चोपन्न आला. पंचावन्न का नाही, तर पंचावन्न त्यांच्याकडे नसतोच.

व्हेगसचं नाव काढल्यावर सुनीतीनं लॅपटॉप मिटला. ही चांगली खूण नसते. तिचं म्हणणं, गोल्फला तिची ना नाही, पण मला जुगाराच्या जवळपास सोडणं धोक्याचं आहे. याला इतिहास आहे. आमच्या क्लबात शुक्रवारी मीट रॅफल असते, म्हणजे तिकीट घ्यायचं आणि नंबर लागला की मांसाचा ट्रे घरी न्यायचा. आम्ही शाकाहारी. तरी 'आता नक्की लागेल, आता नक्की लागेल' करत मी तिकिटं घेत राहिलो आणि रात्री मेंढीची अख्खी तंगडी काखोटीला मारून टाकानिनीला घरी आलो. दार सुनीतीनं उघडलं. तिनं आधी तंगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या दोन नजरांत फार फरक नव्हता.

तेव्हा तिनं अट घातली, शपथ घ्यायची. देवाची चालणार नाही, कारण देवाशी माझे संबंध नुसते हाय-हॅलोचे आहेत. जुईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, 'कॅसिनोत पाऊल टाकणार नाही.' जुई म्हणजे आमची दहा वर्षांची लेक. ती स्कूटर घेऊन बाहेर निघालेली, डोक्यावर हेल्मेट. मी हेल्मेटवर हात ठेवून शपथ घेतली. जुई म्हणाली, "बाबा, कॅन आय गो नाऊ?" आणि गेली.

लास व्हेगसबद्दल एक गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. तिथं हॉटेलमध्ये कॅसिनो नसतो. कॅसिनोमध्ये हॉटेल असतं. रिसेप्शनवर खोलीची चावी मिळाली, मी विचारलं लिफ्ट कुठंय, आणि त्या बाईनं बोट दाखवलं ते थेट हजारभर लुकलुकणाऱ्या मशीन्सच्या पलीकडे. लाल गालिचा माझ्या बुटापासून दोन इंचांवर सुरू होत होता. मी जागच्या जागी थांबलो. दुसरा रस्ता आहे का विचारलं. ती हसून म्हणाली की नाश्ता, स्विमिंग पूल, टॉयलेट, इतकंच काय लग्न लावायची जागा, सगळ्याची वाट कॅसिनोतूनच आहे.

गंधार म्हणाला, चल रे, सुनीतीला काय कळतंय. रमणनं सुचवलं की तांत्रिकदृष्ट्या ही शपथ हेल्मेटची झाली, जुईची नाही. मी त्याला सांगितलं की हेल्मेटच्या आत जुई होती. हसू नका. मी आयटीतला माणूस आहे, मांजर आडवं गेलं तर मांजराला सॉरी म्हणून पुढे जातो. पण पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एक बोलायचं आणि दुसरं करायचं, हे मला जमेना. तिला साधा ताप आला असता तरी मी आयुष्यभर त्या गालिच्याला शिव्या दिल्या असत्या. मी बॅगेवर बसकण मारली आणि म्हणालो, तुम्ही जा वर, मी चार दिवस इथंच बसतो.

रमण माझ्याकडं, गालिच्याकडं, माझ्याकडं असं बघत राहिला. काउन्सिलमध्ये एखाद्याच्या घराचा लाकडी डेक पाडायला लावण्याआधी तो असाच बघत असणार. मग म्हणाला, "शब्द नीट आठव. कॅसिनोत जाणार नाही म्हणालास, का पाऊल टाकणार नाही म्हणालास?"

"पाऊल टाकणार नाही."

"मग टाकू नकोस," असं म्हणून तो सामान सांभाळणाऱ्यांच्या बेल डेस्कवर गेला आणि भाड्याची व्हीलचेअर ढकलत घेऊन आला.

(मला लाज वाटली. अजून वाटते. तिथं पंधरावीस खुर्च्या रिकाम्या पडून होत्या म्हणून, नाहीतर बसलो नसतो.) मी बसलो, पाय पट्टीवर ठेवले आणि शपथेला धक्का न लावता थेट लिफ्टपर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच परत. रमणनं दारापर्यंत ढकललं, दाराबाहेर आल्यावर मी खुर्चीतून उठलो, गोल्फची बॅग खांद्याला मारली आणि तरातरा चालत शटलमध्ये जाऊन बसलो. दारावरच्या माणसानं छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, धार्मिक असेल बिचारा.

गोल्फबद्दल फार बोलण्यासारखं नाही. माझा पहिला चेंडू वाळवंटात निवडुंगाजवळ पडला. तिथं पाटी होती, सापांपासून सावध. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत, त्यामुळे पंधरा वर्षांत माझी सवय मोडलीय. तो चेंडू मी सापाला देऊन टाकला. त्यानंतरचे अकराही. मग गंधारनं माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला कार्ट चालवायला बसवलं. संध्याकाळी उन्हानं लालबुंद होऊन परत आलो, दारात खुर्चीत बसलो आणि आत ढकललो गेलो.

लिफ्टजवळच्या मशीनवर एक आजीबाई बसायच्या. डॉरिस नाव, ओहायोच्या. त्यांनी मला सकाळी पांगळा, मग धडधाकट, संध्याकाळी पुन्हा पांगळा असा पाहिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हातच धरला आणि विचारलं की हे काय आहे. मी खरं ते सांगितलं, की मुलीच्या डोक्यावर हात ठेवून व्रत घेतलंय, या जमिनीला पाय लावायचा नाही. इंग्रजीत हे फार भारदस्त वाटतं. डॉरिसबाईंचे डोळे मोठे झाले. तुम्ही इंडियातले होली मॅन का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही हो, ऑकलंडचा, टाकानिनी. हे नाव त्यांना त्याहून पवित्र वाटलं असावं. त्यांनी माझा हात उचलून आपल्या मशीनवर ठेवला आणि बटण दाबलं.

घंटा वाजल्या. दिवे फिरले. मशीनचा आवाज थांबेना आणि डॉरिसबाईंचाही.

पाच मिनिटांत माझ्यापुढे रांग लागली. टेक्ससचे, फ्लॉरिडाचे, एक नवविवाहित जोडपं, एक सुटाबुटातला गृहस्थ जो रडत होता. गंधारनं रांग लावायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं (गणपतीत तो तेच करतो). मला काहीतरी पुटपुटणं भाग होतं. त्या घडीला एकही स्तोत्र आठवेना, म्हणून एकोणतीसचा पाढा म्हटला. 'एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.' पुढचं येत नव्हतं, की परत पहिल्यापासून. लोक डोळे मिटून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. ऑफिसात माझं म्हणणं इतकं मन लावून कोणी ऐकलेलं नाही. आणि शपथ शाबूत होती. पाऊल पट्टीवर होतं, हाताबद्दल सुनीती काही बोललेली नव्हती.

गंधारनं या सगळ्याचा फोटो काढला आणि ऑकलंडच्या आमच्या मराठी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा पुरुषोत्तम, हँडिकॅप ५४.'

तिथून तो फोटो पुण्याला माझ्या सासूबाईंकडं पोचायला वीस मिनिटं लागली. त्यांना दिसलं ते असं: जावई व्हीलचेअरमध्ये, तोंड भाजल्यासारखं लाल, भोवती परके लोक हात जोडून रडतायत. त्यांनी लगेच टाकानिनीला फोन लावला. सुनीती मागे कपडे वाळत घालत होती, फोन जुईनं घेतला. हे संभाषण मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं.

"जुई बाळा, बाबांना हँडिकॅप आहे?"

"याह आजी. फिफ्टी-फोर."

"चोपन्न? अगं, कधीपासून?"

"सिन्स मार्च. गंधारकाकानं दिला."

"अरे देवा. आणि आई काय म्हणते?"

"आई सेज, ही'ल नेव्हर गेट बेटर."

सासूबाई फोन टाकून देवघराकडं धावल्या. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, ते तेवढ्यातही म्हणाले की चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर सर्टिफिकेट मिळतं, रेल्वेत सवलत आहे.

थोड्या वेळानं मला सुनीतीचा व्हिडिओ कॉल आला. त्या वेळी माझा एक हात त्या रडणाऱ्या गृहस्थाच्या डोक्यावर होता. तिनं विचारलं, कुठंयस. मी म्हणालो, हॉलमध्ये. मागे कोणाला तरी जॅकपॉट लागला. तिनं विचारलं, खुर्चीत का बसलायस. मी अभिमानानं सांगितलं की पाऊल टाकलेलं नाही, विचार रमणला. तिनं त्या गृहस्थाच्या डोक्यावरचा माझा हात पाहून घेतला. मग म्हणाली, "तू घरी ये," आणि फोन ठेवला.

ऑकलंडला विमानतळावर गोल्फचे बूट दाखवावे लागतात, कुठली परदेशी माती येऊ नये म्हणून. अधिकाऱ्यानं माझे बूट उलटेपालटे करून पाहिले आणि नवीन घेतलेत का, असं विचारलं. मी म्हणालो, चार दिवस खेळून आलोय. तो म्हणाला, "स्वीट ऍज, मेट," म्हणजे इथल्या भाषेत झकास, पण बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं.

बाहेर सुनीती उभी होती. माझे सगळे खुलासे तिनं शांतपणे ऐकले, हेल्मेटसकट. मग म्हणाली, "तू शपथ पाळलीस, बरं वाटलं मला." मी हुरळून जाणार तोच पुढे म्हणाली, "पण मी आईला खरं सांगायच्या आत ती नवस बोलून बसली."

नवस असा, की जावई पायावर उभे राहिले तर घरापासून न्यू लिनच्या गणपतीपर्यंत अनवाणी चालत जातील. न्यूझीलंडमधले सासूबाईंना दोनच गणपती माहीत. एक गंधारच्या घरचा, न्यू लिनला, आणि दुसरा त्यांच्या भाच्याचा, इथून सहाशे किलोमीटरवर, अप्पर हटला. त्यातला न्यू लिनचा त्यांना अगदी शेजारी वाटतो, कारण मागच्या ट्रिपमध्ये त्या गाडीत बसल्या तशा झोपल्या ते थेट आरतीला उठल्या. प्रत्यक्षात ते अंतर तीस किलोमीटर आहे.

मी म्हणालो, पण मला काही झालंच नव्हतं. सुनीती म्हणाली, आईनं तिच्या बाजूनं मनापासून बोललाय, मी सांगितलेलं तिला पटतच नाही, चार दिवस जेवलेली नाही बिचारी. मी सासूबाईंना फोन केला, मी चालतोय हे दाखवायला घरात फेऱ्या मारल्या. त्या रडल्याच. "पुरुषोत्तमराव, गणपतीनं तुमचे पाय परत दिले," म्हणाल्या. माझ्यासाठी कोणी उपाशी राहिलं, हे मला आतून लागलं. मी हो म्हणालो.

मग डोकं चालवलं. अनवाणी म्हणजे वहाणा नाहीत. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, या वहाणा झाल्या, कबूल. पण गोल्फचे बूट? ते काही वहाणांत मोडत नाहीत. सुनीतीनं नुसतं विचारलं, "रमणला फोन केला होतास का?" मी बूट काढून ठेवले.

शनिवारी पहाटे निघालो. वाटलं होतं, लोक निदान हळहळतील. पण हा देश असा, की इथं अर्धी माणसं हौसेनं अनवाणी फिरतात. वाटेत मांगेरेत एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, पाणी घ्यायला शिरलो तर माझ्यापुढे दोघे अनवाणी उभे होते, एक दूध घेत होता. दुकानदार नमस्कारादाखल 'किया ओरा' म्हणाला आणि माझ्या पायांकडं पाहिलंसुद्धा नाही. सुनीती आणि जुई दर दोन किलोमीटरवर गाडी थांबवून वाट बघायच्या. जुई दर वेळी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पावलांचा आकडा बघायची. गंधारच्या दारात पोचलो तेव्हा तिनं आकडा वाचला, बेचाळीस हजार. कॅसिनोत एकही टाकलं नव्हतं, त्याची सगळी भरपाई झाली.

गणपतीपुढे मी उभा राहू शकलो नाही, बसूनच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तळपाय असे सुजले की जमिनीला टेकवेनात. घरून काम करायची माझी चाकांची खुर्ची आहे, तीत बसून घरात फिरू लागलो. जुई ढकलायची. संध्याकाळी मला चहा हवा होता, ती मला सुसाट किचनकडं नेत होती आणि सुनीती हॉलमध्ये पुण्याला व्हिडिओ कॉलवर होती. मी सासूबाईंच्या स्क्रीनवरून डावीकडून उजवीकडे गेलो, बसल्या बसल्या, दोन्ही पाय वर धरून.

"आई, नाही, आई, थांब, ऐक आधी," असं सुनीती ओरडली. पण तोवर सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते.

या वेळी अप्पर हट.

जुईनं लगेच मॅप उघडून पाहिला, आणि माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "इट्स ओके बाबा. देअर्ज नो सी इन बिट्वीन."