मोटारीचा पोळा

"बैल म्हंजे रोजची उठाठेव!" हे वाक्य केशोराव मालगुजारांनी त्या पावसाळ्यात इतक्यांदा ऐकवलं, की सौंदडच्या स्टेशनमास्तरालाही ते पाठ झालं. "चारा टाका, पानी पाजा, गोमाशा हाकला! मोटारीले काय लागते? तेल! अन् वरून सालभराची ग्यारंटी! बैलाची ग्यारंटी देते का कोनी?"

कोणीच देत नाही. म्हणून त्यांनी आपली नामी जोडी विकली आणि गोंदियाच्या एजंटाकडून काळीशार मोटार आणली. सन एकोणीसशे छत्तीस. आसपासच्या गावांत पहिलीच मोटार! रोवणीच्या बाया हातातली धानाची रोपं तशीच धरून बांधावर आल्या.

अडचण एकच होती. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जायची ती मालगुजारांची, हा आज्यापासूनचा मान. आता जोडीच नाही! उदाराम पाटील आपले बैल घासूनपुसून, मिशीला पीळ देत टपून बसला होता. मग केशोरावांनी जाहीर केलं, "तोरनाखालून पयली मोटार जाईन!" पंच बुचकळ्यात पडले. पण मोटारीला मनाई करावी असा रिवाज गावात नव्हता, कारण आजवर मोटारच नव्हती.

आणि नेमकी पोळ्याच्या सकाळी मोटार मेली! दिवा लागेना, भोंगा वाजेना. हँडल फिरवून फिरवून गडी बकारामच्या तळहातांना फोड आले, पण मोटार नुसती खोकलीसुद्धा नाही. केशोरावांनी पहिल्या गाडीने माणूस धाडला आणि दुपारी एजंट दुलीचंदबाबू येऊन हजर झाले. पांढरं धोतर, डोक्यावर काळी टोपी. धोतराला डाग लागू नये म्हणून त्यांनी दोन हात लांबून मोटारीत डोकावलं आणि लगेच निकाल दिला.

"मालकजी, चूहे ने तार काटा है. ग्यारंटी में चूहा नहीं आता."

झालं! केशोरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चूहा? माह्या घरी? अवो बाबूजी, माह्या घरी उंदीर नावाले नाही!"

एवढ्यात धानाच्या कोठीमागून एक लठ्ठ उंदीर निघाला आणि दुलीचंदबाबूंच्या बुटावरून अंगणात गेला. जमलेलं गाव खो खो हसलं.

"तो आमचा नोहे!" केशोराव कडाडले. "उदारामच्या घरचा असंल! अन् तारच कुरतडला म्हंता, तं दाखवा कुठी कुरतडला!"

हा मुद्दा बिनतोड होता. दुलीचंदबाबूंनी नाइलाजाने धोतर खोचलं आणि मोटारीखाली शिरले. एकेक तार चाचपली. सगळ्या तारा धडधाकट! बाबू बाहेर आले तेव्हा ना धोतर पांढरं राहिलं होतं, ना तोंड. केशोरावांची छाती मात्र वीतभर फुगली.

"मंग? मालच खोटा हाय तुमचा! आत्ताच्या आत्ता चालू करून द्या. तोरनाची येळ होऊन राह्यली!"

"अब तो बैटरी देखनी पड़ेगी," बाबू पुटपुटले. "सीट के नीचे है. किसी ने हाथ तो नहीं लगाया?"

"कोन लावते हात? इचारा माह्या घरच्या बाईले!"

घरची बाई, म्हणजे जमुनाबाई, पदर तोंडाला लावून चुलीकडे वळल्या. पुरण लागलं वाटतं, म्हणाल्या. केशोरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्वतः, सगळ्या गावासमोर, सीट उचलली आणि खालची फळी काढून दूर फेकली.

आत बॅटरी बसली होती. तिच्या पाठीवर हळद आणि तूप. कपाळावर कुंकू. समोर जेवणासाठी मांडलेलं पळसाचं पान. आणि तिच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांना शिंगांना गुंडाळतात तशी चकचकीत बेगड, या शिंगापासून त्या शिंगापर्यंत झालर सोडून! झालर मध्ये जळून काळी ठिक्कर पडली होती.

केशोराव गर्रकन वळले.

"हे कोनं केलं?"

"काल खांदशेकनी होती ना जी, बैलाचे खांदे हळदीतुपानं शेकाचा दिस," जमुनाबाई हळूच म्हणाल्या. "पयल्यांदाच गोठा रिकामा. माहा जीव कसनुसा झाला. मी बकारामले म्हटलं, मोटारीत बैल कुठी रायते गा? तं त्यानं हा दाखवला. मंग मी आवतन देल्लं. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"माही काय चूक, मालक?" बकाराम कळवळला. "तो पानी पेते. आठवड्याले मीच पाजतो. दोन शिंगं हायेत. अन् सारी ताकद त्याचीच, असं मोटार देताना बाबूजीच म्हनत होते. मंग बैल कोन?"

दुलीचंदबाबूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि जळकी झालर दोन बोटांनी उचलली. "सारी बिजली इसी झालर से रात में ही बह गई. मालकजी, इससे तो चूहा अच्छा था!"

केशोरावांनी घाम पुसला, गावाकडे पाठ केली आणि बाबूंच्या कानाशी लागले. "बाबूजी, कागदावर चूहाच लिहा. लय उंदीर हायेत आमच्या घरी."

"लेकिन चूहा ग्यारंटी में नहीं आता!"

तिकडे पारावर ढोल वाजायला लागला. आज्याचा मान पाण्यात जाताना दिसला आणि केशोरावांना रडूच फुटायचं बाकी राहिलं. शेवटी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. जोडी घेऊन पाराकडे निघालेल्या उदारामपुढे हात जोडले.

"एवढी तोरनापावतर ओढून दे गा."

उदाराम मोठ्या मनाने तयार झाला. इतका लगेच तयार झाला, की केशोरावांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं! त्याने आपली सजवलेली जोडी दोरांनी मोटारीला जुंपली. केशोराव फेटा बांधून ऐटीत आत बसले. ढोल, झडत्यांची गाणी, गुलाल! वरात थेट तोरणापाशी आली आणि तिथे केशोरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओढणारा पुढे असतो!

"थांब गा! थांब!" ते ओरडले, भोंगा दाबदाबून बघितला. मुका भोंगा काय वाजणार! आंब्याच्या पानांना शिंगं घासत उदारामचे बैल पहिल्या मानाने तोरणाखालून निघाले आणि त्यांच्या मागून, सात हातांवरून, मालगुजारांची मोटार.

गाव हसून हसून खाली बसलं. उदारामने मागे वळून रामराम घातला. केशोराव खाली उतरले, गुलालाने भरलेला फेटा काखेत धरला आणि दुलीचंदबाबूंना बाजूला घेऊन अगदी गरिबीने विचारलं,

"बाबूजी, तुमच्या कंपनीत बैल भेटतेत का जी?"