फुकट्याची डबल बेल

"एक तर हे कुत्रं ऱ्हाईल या घरात, न्हाई तर मी," पद्माबाईंनी सांगून टाकलं. जळबा पाईकराव त्यावर विचार करत बसले. याला विचार कशाला लागतो, म्हणून पद्माबाई आणखीच तापल्या.

कुत्रं म्हणजे चांगलं कुत्रं तरी असावं! दीड महिन्याचं तांबूस पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. जळबांची मुलगी राणी हिंगोलीला नर्स आहे. तिला ते नाल्याच्या कडेला सापडलं आणि पिशवीत घालून तिनं आखाडा बाळापूरला आईबापांकडं आणलं. पिशवीतून डोकं काढून पिल्लू इकडंतिकडं बघायला लागलं, तेव्हा जळबा म्हणाले, "बिनतिकिटाचं दिसतंय." एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, दुसरं काय सुचणार? पिल्लाचं नाव तिथंच पडलं, फुकट्या.

राणीनं जाताना अट घातली. "बाबा, आपल्या दारावरून दिवसभर ट्रक चालू राहतात. मला लई भ्या वाटतं. दोन महिन्यांनी मी येते. तवर हे साखळीबिगर तुमचं ऐकायला शिकलं तर ठेवा. न्हाई तर मी नेऊन नांदेडच्या मैत्रिणीला देऊन टाकीन. तिचं घर गल्लीत हाय."

"शिकतंय की! मी एवढी माणसं शिस्तीत बसवली, हे तर वीतभर हाय," जळबा म्हणाले.

वीतभर प्राण्यानं त्यांना महिनाभरात रडकुंडीला आणलं. "ये" म्हटलं की ते जायचं आणि "जा" म्हटलं की तिथंच पसरायचं. जळबांच्या खाकी पँटचा एक पाय त्यानं गुडघ्यापर्यंत खाल्ला. शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर सू केली. पद्माबाईंनी खराटा उगारला, तर खराट्याचीच एक काडी ओढून घेऊन पळालं.

आणि जळबांचा जीव मात्र त्याच्यावर जडत गेला. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून माणूस सुकत चालला होता. रोज शेकडो माणसं "मास्तर, मास्तर" करायची, आता घरात बायको सोडली तर हाक मारणारं कुणी नाही, आणि बायकोची हाक दळण आणण्यापुरती. हे पिल्लू निदान दिवसभर त्यांच्या चपलेवर झोपायचं. ते नांदेडला गेलं तर आपण काय करायचं, या विचारानं जळबांना घास गोड लागेना.

मग त्यांना आठवली ती घंटी. रिटायर होताना सोबतच्या लोकांनी हौसेनं बसची एक जुनी घंटी भेट दिली होती. जळबांनी ती ओसरीत टांगली, दोरी लावली आणि कामाला लागले. सिंगल बेल म्हणजे थांबायचं, जागच्या जागी बसायचं. डबल बेल म्हणजे निघायचं, सरळ जळबांकडं यायचं. ऐकलं की दूधभाकरीचा घास. बसमध्ये चालतं तेच! काय सांगावं, पंधरा दिवसांत पिल्लू पक्कं झालं. टिंग, की बसलं. टिंग टिंग, की धावत आलं. मग फिरायला जाताना घंटी कुठं न्यायची म्हणून जळबा तोंडानंच बेल द्यायला लागले. तेही चाललं. जीभ टाळूला लावून ते अशी टिंग काढायचे की शेजारचे लोक पिशव्या घेऊन बाहेर यायचे.

"आता म्हातारपणी हेच ऱ्हायलं होतं," पद्माबाई म्हणायच्या. "दिवसभर टिंग टिंग. घर हाय का बसस्टँड?"

ठरल्याप्रमाणे दोन महिन्यांनी, रविवारी दुपारच्या हिंगोली-नांदेड गाडीनं राणी येणार होती. जळबांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला आणि फुकट्याला साखळी न लावता स्टॉपवर निघाले.

"साखळी घेऊन जावा," पद्माबाई ओरडल्या.

"काहून? परीक्षेला कुणी पुस्तक घेऊन बसतं का?"

गाडी आली. कंडक्टर होता देविदास, जळबांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. आणि ड्रायव्हर हिरासिंग राठोड. या हिरासिंगनं जळबांबरोबर अकरा वर्षं गाडी चालवली होती. एकदा कुणा प्रवाशानं पत्रा वाजवला म्हणून त्यानं गाडी काढली आणि एक म्हातारी पायरीवरून पडली. तेव्हापासून हिरासिंगनं कानाला खडा लावला. बेल मिळाल्याशिवाय गाडी इंचभर हलवायची नाही, आणि बेल मिळाली की क्षणभर थांबायचं नाही.

राणी उतरली. "कुठंय बाबा फुकट्या?"

"हे काय," म्हणत जळबांनी खाली बघितलं, तर पायाशी कुणी नाही. उतरणाऱ्या-चढणाऱ्यांच्या पायांना घाबरून पिल्लू गाडीखाली शिरलं होतं. हरकत नाही. जळबा खाली वाकले. तेवढ्यात एका बाईचं पोतं उतरायचं राहिलं म्हणून देविदासनं आतून दोरी ओढली. टिंग!

फुकट्या बसला. जिथं होता तिथं, मागच्या चाकाच्या बरोबर पुढं, हातभर अंतरावर.

पोरगं हुशार निघालं म्हणून जळबांना क्षणभर अभिमान वाटला, आणि मग त्यांनी वर बघितलं. पोतं उतरलं होतं. देविदासचा हात पुन्हा दोरीकडं गेला होता.

"देविदास! बेल देऊ नको रे!" जळबा असे किंचाळले की देविदास दचकला आणि दोरीला लोंबकळला. दोरी तुटून त्याच्या गळ्यात पडली. घंटी मात्र वाजली नाही, एवढं नशीब.

"आता काय झालं?" हिरासिंगनं खिडकीतून मान काढली.

"गाडीखाली माझं लेकरू हाय!"

एवढं ऐकल्यावर गाडीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बायका रडायला लागल्या. लेकरू म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, हे कळल्यावर त्याच बायका चिडल्या. एक जण म्हणाला, "मास्तर, मला लग्नाला जायचंय." दुसरा म्हणाला, "काठीनं ढोसा त्याला." राणी त्याच्या अंगावर धावून गेली. "ढोसलं अन् चाकाखाली सरकलं म्हंजे?"

जळबा पांढऱ्या शर्टासकट रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. पिल्लू थरथर कापत होतं. डोळे जळबांवर, पण जागचं हलत नव्हतं. "ये रे माझ्या राजा," जळबा म्हणाले. नाही. "फुकट्या, दूध!" नाही. जळबांना भरून आलं. हट्टी कुठलं, ते तर सांगितलेलं पाळत होतं! आपणच शिकवलं, सिंगल बेल मिळाली की डबल होईपर्यंत हलायचं नाही.

त्यांनी जीभ टाळूला लावली. "टिंग टिंग."

फुकट्या उठला. आणि वर घर्रर्र करून गिअर पडला.

"टिंग!" जळबा जिवाच्या आकांतानं ओरडले. गाडी थांबली. फुकट्याही थांबला आणि बसला, आता चाकापासून वीतभर अंतरावर.

"हिरासिंग! काहून सोडलीस गाडी?"

"डबल बेल झाली ना, जळबाभाऊ!"

"ती कुत्र्याला दिली होती!"

"मला काय म्हाइत? बेल तुमची, म्हंजे बराबर असणार. मागं महिनाभर घंटी बंद होती, तवा तुमी तोंडानंच बेल देत होते. ह्या आवाजावर पाय आपसूक दबतो."

आता आली का पंचाईत? पिल्लू बाहेर काढायचं तर डबल बेल पाहिजे, आणि डबल बेल दिली की गाडी निघणार. गाडी थांबवायची तर सिंगल बेल, आणि तिनं पिल्लूही बसणार. दोघांनाही एकाच माणसानं शिकवलेलं! राणी म्हणाली, "बाबा, आधी गाडी बंद करा, ड्रायव्हर काकांना खाली उतरवा."

हिरासिंग गाडी बंद करून उतरला, पण बोनेटपाशीच उभा राहिला. जळबांना भरवसा वाटेना. "ह्याला लांब न्या. बेल ऐकली की हा झोपेत बी शिटावर चढंल." मग लग्नाला जाणारा तो माणूस आणि देविदास, दोघांनी दोन बाजूंनी हिरासिंगला धरून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत नेलं. कानात बोटं घालायला लावली. सगळी गाडी खिडक्यांतून वाकून बघत होती. कुणी खोकेना सुद्धा.

जळबांनी गाल रस्त्याला टेकवला आणि अगदी हळू म्हटलं, "टिंग टिंग."

फुकट्या उठला, चाकाला वळसा घातला आणि तीरासारखा येऊन त्यांच्या तोंडावर आदळला. जळबांनी त्याला छातीशी धरलं आणि भर रस्त्यात ढसाढसा रडले. एकतीस वर्षांत प्रवाशांनी टाळ्या वाजवल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आज वाजवल्या. शेपूट जोरजोरात हलत होतं आणि शर्टावर ओला डाग पसरत होता, पण तो कुणाला दिसतोय?

"मग? नेतीस का याला?" जळबांनी नाक ओढत विचारलं.

राणीनं डोळे पुसले. "कसं नेऊ बाबा? मैत्रिणीला कुठं जमंल तुमची बेल?"

चला, सुटलो, असं जळबांना वाटलं. पण गाडी कुठं सुटत होती? घंटीची दोरी तुटलेली. देविदासनं पत्रा वाजवला, हिरासिंग ढिम्म. देविदासनं तोंडानं "टिंग टिंग" करून बघितलं.

"ही बेल न्हाई, हे मांजर वरडून राहिलं," हिरासिंग म्हणाला. "मी न्हाई काढत गाडी. पुन्ना कुणी पडलं म्हंजे?"

लग्नाचा माणूस रडायच्या बेताला आला. सगळी गाडी जळबांकडं बघायला लागली. जळबांनी फुकट्याकडं बघितलं, शर्टाची कॉलर नीट केली, आणि पिल्लू काखेत घेऊन गाडीत चढले.

राणी घरी एकटीच आली. पद्माबाईंनी तिच्या पाठीमागं बघितलं. "तुझे बाबा?"

"डुटीवर गेले. नांदेडला."

"अन् ते?"

"ते बी."

"बरं झालं, पीडा गेली घडीभर," पद्माबाई म्हणाल्या. मग दोघी जेवायला बसल्या. घर इतकं शांत होतं की भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. पद्माबाई दोनदा उठून दारात जाऊन आल्या. कुत्र्याच्या ताटलीत त्यांनी भाकरी कुस्करली, दूध ओतलं, वर टोपलं झाकलं. राणीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

दिवस मावळताना जळबांचा फोन आला. "आता निघतोय इथून. दोरी उद्या बसवणार म्हणून राहिले, तवा येताना बी मीच हाय बेलला. सगळे प्रवासी बसले, पण फुकट्या तिकडं चौकशी खिडकीपाशी बसलंय. माझं ऐकून न्हाई राहिलं. वाटभर टिंग टिंग करून करून माझा घसा बसला गं, आवाजच निघंना."

पद्माबाईंनी राणीकडं बघितलं. राणी अंगणात होती.

"फोन मोठ्यानं लावा," त्या हळूच म्हणाल्या, "अन् धरा त्याच्याकडं."

मग पदर तोंडाशी नेऊन त्यांनी एकदा घसा खाकरला, जीभ टाळूला लावली, आणि फोनमध्ये हुबेहूब जळबांसारखी बेल दिली, "टिंग टिंग."

तिकडून आधी फुकट्याचं आनंदानं भुंकणं ऐकू आलं. आणि लगोलग गाडी सुरू झाल्याचा आवाज, आणि तिच्यामागं पळत पळत, घसा बसलेल्या आवाजात जळबा ओरडत होते, "अरे हिरासिंग, मी खाली हाय!"