बारकू भेकर आणि डिस्प्लेचा फोन

एका जंगलात, जिथं उन्हाळ्यात पाणी नसायचं पण नेटवर्क मात्र फुल्ल असायचं, एक मोबाइलचं दुकान होतं.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. बसता येतंय तोवर बसून घ्या. ही गोष्ट ज्यांना बसता येत नव्हतं त्यांची आहे.

दुकान एकदम चकाचक होतं. पुढं भलीमोठी काच. आत गारेगार हवा. मालक होता वाघ. तो डोंगरापलीकडच्या मोठ्या ऑफिसात राहायचा. तिथून रोज सकाळी सगळ्या कामगारांना मेसेज यायचा, "आपण सारे एक कुटुंब आहोत." या कुटुंबात कोणाला किती पगार आहे, हे मात्र एकमेकांना सांगायला बंदी होती.

वाघ दुकानात एकदाच आला. उद्घाटनाला. आल्या आल्या त्याला दारात एका पायावर उभा असलेला बगळा दिसला.

"हा बघा!" वाघ म्हणाला. "एका पायावर दिवस काढतो. बाकीच्यांना तर देवानं चार-चार पाय दिलेत. मग ही स्टुलं कशाला?"

झालं. त्याच संध्याकाळी कामगारांची स्टुलं गेली. ग्राहकांची तेवढी राहिली. कामगारानं बसायचं नाही, टेकायचं नाही, काउंटरवर कोपर ठेवायचं नाही. बगळ्याला दर महिन्याला उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा कप मिळू लागला. आता बगळा उभ्या उभ्या झोपतो, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. पण वाघाला सांगणार कोण?

या दुकानात येसू नावाचं भेकर कामाला होतं. भेकर म्हणजे हरणातलं अगदी लहान हरिण. पाय म्हणजे नुसत्या काड्या. येसूला आईबाप नव्हते. एक धाकटा भाऊ होता, बारकू.

आता बारकूविषयी सांगायचं तर सांगण्यासारखं फार नाही. दुसरीत असताना त्यानं मास्तरांना लाथ मारली आणि शाळा संपली. त्याच्या पायांना एक खोड होती. ते डोक्याला विचारायचे नाहीत. डोकं मागाहून धापा टाकत यायचं आणि म्हणायचं, "अरे, हे काय करून बसलास?" तोवर पाय पुढच्या भानगडीत. येसू राबायचा आणि बारकू खायचा. खाऊन झालं की गावभर सांगायचा, "आमचा दादा साहेब आहे मोबाइलच्या दुकानात."

गणपतीच्या सेलला येसूच्या अंगात ताप होता. पाय सुजून केळीच्या खांबासारखे झाले होते. त्यानं मॅनेजरला विचारलं, "साहेब, जरा टेकू का?"

मॅनेजर होता तरस. तरसाचं तोंडच हसरं असतं, म्हणून तर त्याला मॅनेजर केला होता. तरस साहेब हसत म्हणाले, "टेका की! एवढे ग्राहक गेले की टेका."

ग्राहक काही गेले नाहीत. येसू गेला. काउंटरला धरून उभा होता, तसाच खाली आला.

दुकानानं शोक पाळला. मोठ्या ऑफिसातून फुलाच्या चित्रासकट मेसेज आला, "कै. येसाजी सांबर यांना भावपूर्ण श्रद्धांजली." येसू भेकर होता, सांबर नव्हे, पण मोठ्या ऑफिसात तेवढं बघणार कोण? आणि शेवटच्या पगारातून अर्धा दिवस कापला गेला. कारण दुपारनंतर येसूनं काम केलं नव्हतं.

हे कळलं आणि बारकूचे पाय उठले. कपाळावर आठ्या, तोंडात फेस. "काच फोडतो आज! काच फोडतो!" असं ओरडत तो जंगलातून पळत सुटला. त्याच्या मागे कावळे, खारी आणि रिकामटेकडी माकडं. काच फुटताना बघायला कोणाला आवडत नाही?

दुकानापुढं बारकू थांबला. मागचा पाय उचलला. नेम धरला.

तेवढ्यात आतून आवाज आला, "बारक्या, जेवलास का रं?"

दादाचा आवाज. तोच. शेवटच्या 'रं'ला जरासा वर जाणारा.

बारकूचा पाय हवेतच राहिला.

आत काचेच्या टेबलावर डिस्प्लेचे फोन मांडलेले होते. ग्राहकांनी हाताळून बघायचे, ते. त्यातल्या मोरपंखी रंगाच्या फोनचं बटण एका माकडिणीनं दाबलं होतं. येसू जिवंत असताना ग्राहकांना आवाज किती साफ येतो ते दाखवायला त्या फोनमध्ये बोलून ठेवायचा. बोलायला काहीतरी लागतं ना? येसूच्या तोंडात दुसरं काही यायचं नाही. सगळ्या जंगलानं फोन घेताना तेच ऐकलं होतं.

बारकू तसाच उभा. एका पायावर. डोळ्यांतून पाणी.

तरस साहेबांनी काचेतून बघितलं आणि खूश होऊन बाहेर आले. "वा! एका पायावर! रिकाम्या जागेसाठी आलात का?"

काच फोडायला आलेल्या बारकूचं डोकं नेहमीप्रमाणे उशिरा पोचलं. तोवर तोंड बोलून गेलं होतं, "मला तो फोन पाहिजे."

"डिस्प्लेचा? तो विकत नाहीत हो. कंपनीचं कुलूप असतं त्याला, त्यातलं काही बाहेरही काढता येत नाही." तरस साहेब हसले. "पण दिवाळीच्या सेलचं टार्गेट पूर्ण झालं, तर जुने डिस्प्ले कर्मचाऱ्यांना स्वस्तात देतो आम्ही. कर्मचाऱ्यांना बरं का. बाहेरच्यांना नाही."

मागची माकडं वाट बघून कंटाळली. "फोडतोय ना रे?" त्यांनी विचारलं.

बारकू आत गेला आणि नोकरीला लागला.

त्याला येसूचाच टी-शर्ट मिळाला. धुवून. छातीवरची 'येसू' अशी पाटी तशीच होती. पाटी बदलायची तर मोठ्या ऑफिसची मंजुरी लागते. टी-शर्टाचे पैसे बारकूच्या पगारातून कापले. ते येसूच्याही पगारातून कापले होते.

दुकानात साळिंदर होती. साळूताई. ती फोनची कव्हरं विकायची. अंगावर काटे असल्यामुळं तिच्याजवळ कोणी उभं राहायचं नाही, पण जिभेवर त्याहून तिखट काटे होते.

"काय रे येड्या," ती म्हणाली, "काच फोडायला आलेलास म्हणे?"

"हो."

"मग हा घे फडका. रोज सकाळी पुसायची."

मुलांनो, बारकू रोज सकाळी ती काच पुसायचा. अशी पुसायचा, अशी पुसायचा की चिमण्या येऊन आपटायच्या. मग तो मोरपंखी फोनपाशी जायचा. बटण दाबायचा.

"बारक्या, जेवलास का रं?"

"जेवलो, दादा," बारकू म्हणायचा.

खोटं बोलायचा. जेवायची सुट्टी कागदावर होती. पण सुट्टी सुरू झाली की नेमका कोणीतरी ग्राहक यायचा आणि तरस साहेब केबिनमधल्या खुर्चीतून हसायचे. बारकूचा डबा संध्याकाळी होता तसा घरी जायचा.

आणि एक वाईट गोष्ट झाली. बारकू हुशार निघाला.

त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं पाठ व्हायचं. कॅमेरा, बॅटरी, सुलभ हप्ता. आणि सगळ्यात महत्त्वाची वाढीव वॉरंटी. फोन विकून दुकानाला फारसं काही सुटत नसे, खरी कमाई वॉरंटीत होती. बारकू ती कोणालाही चिकटवायचा. कासव वॉरंटी नको म्हणत होतं. बारकूनं इतका आग्रह केला की कासवानं फोन घेतला नाही, पण वॉरंटी घेतली.

"दादापेक्षा भारी आहेस रे तू," साळूताई म्हणाली. ती कौतुक करत नव्हती. पण बारकूला ते कौतुकच वाटलं. दिवसभर छाती पुढं काढून हिंडला. आहे की नाही गाढव? बिचारं भेकर होतं, तरी.

पाय दुखायचे. बारकू मनाशी म्हणायचा, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर फोन माझा. मग दादा घरी येईल. मग बघू काचेचं.

दिवाळीचा सेल आला. अख्खं जंगल लोटलं. रांग ओढ्यापर्यंत. तरस साहेबांना वरून फोनवर फोन. "टार्गेट! टार्गेट!" तेही घामाघूम झाले होते, पण तोंड हसरंच. बिचाऱ्यांना दुसरं तोंड नव्हतं.

दुपारी पेटीबंद फोन संपले. मोठ्या ऑफिसातून हुकूम आला, डिस्प्लेचे फोनही सवलतीत विका.

बारकूचे हात यंत्रासारखे चालू लागले. टेबलावरचा फोन उचलायचा. कुलूप काढायचं. आतलं जुनं पुसायचं. पुसताना फोन काहीतरी विचारायचा. बारकूला ते वाचता यायचं नाही. साळूताईनं सांगून ठेवलं होतं, हिरवं बटण दाब. तो हिरवं दाबायचा. मग फोन खोक्यात, खोकं पिशवीत, आणि वर वॉरंटी.

एक टेबल रिकामं झालं. दुसरं झालं.

"आता एकच!" तरस साहेब केबिनमधून धावत बाहेर आले. "एक गेला की टार्गेट पूर्ण! बारकू, सोडू नका!"

समोर घोरपड काकू उभ्या होत्या. म्हाताऱ्या. हळू बोलणाऱ्या. "मला बाई साधासा दे," त्या म्हणाल्या. "पोरगी लांब दिली आहे. तिचा आवाज तेवढा ऐकू आला पाहिजे."

"आवाजाला हाच घ्या, काकू!" बारकू म्हणाला. "असा आवाज दुसऱ्या कशात नाही. माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं." कधी नव्हे ते त्यानं मनापासून सांगितलं. आणि फोन उचलला. कुलूप काढलं. फोननं विचारलं. हिरवं दाबलं.

"वॉरंटी घ्यायची ना, काकू? शेवटी वस्तू आहे, काय भरवसा?"

"घेते बाबा. पण आधी आवाज ऐकव."

"हा ऐका," बारकू म्हणाला, आणि ठरलेलं बटण दाबलं.

फोन गप्प.

बारकूनं परत दाबलं. परत दाबलं. मग त्यानं हातातल्या फोनचा रंग पाहिला. मोरपंखी.

डोकं पोचलं. धापा टाकत, नेहमीसारखं उशिरा.

"टार्गेट पूर्ण!" तरस साहेब ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागत. मोठ्या ऑफिसातून लगेच मेसेज आला, "शाब्बास कुटुंब!"

आणि बारकू बसला. ग्राहकाच्या स्टुलावर. पाय पहिल्यांदाच काही न करता लोंबत राहिले.

बगळ्यानं उद्घाटनानंतर पहिल्यांदाच डोळा उघडला. "बसता येतं?" त्यानं पुटपुटत विचारलं.

"बारकू," तरस साहेब हसत म्हणाले, "उठा. ग्राहक बघताहेत."

बारकू उठला नाही. तरस साहेब त्याला हाताला धरून उठवायला पुढं आले. पण मध्ये साळूताई येऊन उभी राहिली. तिनं अंगावरचे सगळे काटे उभे केले.

"अहो, तुम्हीसुद्धा?" तरस साहेब म्हणाले.

"मी कुठं बसलेय?" साळूताई म्हणाली. "मी उभीच आहे, साहेब. नियमाप्रमाणे."

घोरपड काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना समोर एक वाळलेलं भेकर दिसलं, खोल गेलेले डोळे दिसले. त्या हळूहळू वाकल्या आणि म्हणाल्या, "पोरा, जेवलास का रे?"

बारकूनं तोंड उघडलं. 'जेवलो' म्हणायची सवय होती. पण ते आलं नाही.

"नाही," तो म्हणाला. आणि इतके दिवस काच पुसून, हसून, वॉरंटी विकून जे आत धरून ठेवलं होतं ते सगळं भोंगा पसरून बाहेर आलं. काच मात्र फुटली नाही. ती फारच चांगल्या प्रतीची होती.

घोरपड काकूंनी मोरपंखी फोन नेला. त्यांच्या पोरीचा आवाज त्यात अगदी साफ येतो. बारकूचा त्या दिवसाचा अर्धा पगार कापला गेला. बसल्याबद्दल. बगळ्याचा कप त्या महिन्यात कोणालाच मिळाला नाही, कारण तो जागा सापडला.

तात्पर्य : दुकानात कामगाराला बसायला स्टूल देऊ नये, हे वाघाचं म्हणणंच खरं. उभा असतो तोवर तो विकतो. बसला की त्याला भाऊ आठवतो. आणि भावावर वाढीव वॉरंटी मिळत नाही, तेव्हा शहाण्यानं भाऊ ठेवूच नये.