बांदाच्या बाईचं पोतं

"मी माझंच सामान नेणार," मायस्के म्हणाली आणि वेम्पीने लगेच कमरेला हात लावला. कंबर दुखत नव्हती. पण लांबच्या प्रवासात बायको ज्या वस्तूला 'माझी' म्हणते ती शेवटी नवऱ्याच्या खांद्यावर येते, हे त्याला कधीच कळून चुकलं होतं.

सामान म्हणजे समुद्रात बुडी मारायचं. मास्क, पायातले फिन, हवेचं जॅकेट, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, रबरी सूट. मायस्केने सारी उमर मनाडोजवळच्या बुनाकेन बेटाच्या पाण्यात पाहुण्यांना बुड्या मारायला नेलं होतं. अंगापिंडाने एवढीशी बाई, पण पाण्याखाली तिने नुसता पंजा दाखवला की सहा फुटी परदेशी माणूस जागच्या जागी थांबायचा. वेम्पी तिच्याच बोटीचं इंजिन सांभाळायचा आणि ती वर येईपर्यंत बुडबुड्यांकडे बघत बसायचा. आता दोघंही निवृत्त झाली होती आणि मायस्केला एकच गोष्ट करायची होती. दूरच्या बांदा बेटावरच्या ज्वालामुखीचा लाव्हा जिथे समुद्रात उतरला तिथे प्रवाळाचं रान माजलंय, असं येणारा-जाणारा पाहुणा तिला सांगायचा. ते तिला बघायचं होतं. कुणाची हवा किती उरली ते न तपासता, दर घडीला मागे वळून न बघता, फक्त स्वतःसाठी.

"बघ की. नको कोण म्हणतंय?" वेम्पी म्हणाला. "पण सामान तिथे भाड्याने घे."

"भाड्याचं मला होत नाही. सगळं त्या धिप्पाड लोकांच्या मापाचं असतं."

"तो जमाना गेला. मी बांदाला फोन केला होता. आमच्याकडे सगळं आहे म्हणाले."

"माप विचारलंस?"

"सगळं म्हटल्यावर त्यात मापही आलंच."

मायस्केने हातातला मास्क खाली ठेवला. "बरं. भाड्याचं नीट बसलं तर भाड्याचंच. शब्द दिला. माझं सामान शेजारच्या नोंचेताईंकडे ठेवते. घर बंद राहिलं तर उंदीर रबर कुरतडतील."

इतक्या सहज जिंकायची वेम्पीला सवय नव्हती. त्या आनंदात रविवारी चर्चबाहेर तो नको ते बोलून गेला. "यंदा आम्ही अगदी मोकळे," त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बॅगा अर्ध्या रिकाम्या."

अख्ख्या मिनाहासा मुलखात शहाणा माणूस असं बोलत नाही. आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की तिकडच्या नातलगांसाठी त्याच्या हाती काहीबाही द्यायचं असतं. त्याला तितिपान म्हणतात आणि त्याला नाही म्हणायची सोय नाही. आत काय आहे विचारायचं नाही, उघडून बघायचं नाही, आणि पोचवलं नाही तर गावात परत तोंड दाखवायचं नाही.

संध्याकाळपासून दारात रांग लागली.

"तेर्नातेला माझा भाऊ असतो. फार काही नाही, रोआ मासळीची चटणी आहे. डबा मात्र उभाच धरा."

"आंबोनला आमच्या विहिणीचं हे पातेलं द्यायचंय. लग्नापासून इथेच राहिलंय, बोलणी खावी लागतात."

एक आजोबा बांदाच्या चुलतभावासाठी जायफळाच्या वड्या घेऊन आले.

"आजोबा, बांदाला जायफळ?" वेम्पी कळवळून म्हणाला. "तिथे तर अंगणात पडलेली असतात."

"चांगलं जायफळ कसं असतं ते कळू दे त्यांना," आजोबा म्हणाले.

सगळ्यांत शेवटी शेजारच्या नोंचेताई एक शिवलेलं पोतं ढकलत ढकलत घेऊन आल्या. नोंचेताई चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढारी. त्या कधी खोटं बोलत नसत आणि त्याचा साऱ्या वस्तीला त्रास होता.

"हे बांदाला एका बाईला द्यायचंय," त्या म्हणाल्या.

"बाईचं नाव?"

"नावाची गरज नाही. ती स्वतः येऊन मागेल. मागितल्याशिवाय कुणाला देऊ नकोस."

वेम्पीने पोतं उचललं आणि परत खाली ठेवलं. "आहे काय यात?"

"दुसऱ्याची वस्तू," मायस्के म्हणाली. "असं विचारतात का?"

बितुंग बंदरात जहाजात चढताना वेम्पी दिसतच नव्हता, नुसती गाठोडी चालत होती. तेर्नाते येईपर्यंत चटणीच्या डब्याने दगा दिला आणि बंदरावरची मांजरं त्याच्या शर्टामागे लागली. आंबोनला विहीणबाईंनी पातेलं उलटंसुलटं करून "झाकण कुठे?" म्हणून त्यालाच झाडलं, मग पोटभर जेवूही घातलं. ओझी एकेक करून उतरत गेली, पोतं मात्र होतं तिथेच होतं. जहाजाच्या डेकवर लाटेचं पाणी यायला लागलं तेव्हा वेम्पीने स्वतःची चटई पोत्याखाली घातली आणि आपण ओल्या फळीवर बसला. हमाल पुढे झाले तरी त्यांना हात लावू दिला नाही. आता कंबर खरोखरच दुखत होती, पण कुणाला सांगायची सोय नव्हती. असा माणूस, कुरकुर करेल पण दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लागू देणार नाही.

बांदाला उतरल्यावर तो पोतं घेऊन धक्क्यावर उभा राहिला. कुणी येईना. शेवटी त्याने मासे विकणाऱ्या बाईलाच विचारलं, "तुम्ही पोतं मागायला आलात का?"

"मागते की. आत काय आहे?"

"ते मला माहीत नाही."

"मग राहू दे," बाई म्हणाली.

सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात खरोखरच सगळं होतं. जॅकेट मायस्केच्या मांडीपर्यंत आलं. ती आतल्या आत वळली, जॅकेट वळलं नाही. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि फिन मागेच राहिला.

"आत मोजे घाला, दोन-तीन जोड," दुकानदार म्हणाला. मास्कसाठी मात्र त्यालाही काही सुचेना, कारण मास्कमध्ये मायस्केचा चेहराही मावला असता आणि शेजारी वेम्पीचाही.

मायस्केने सगळं उतरवलं, नीट घडी घालून परत दिलं आणि दुकानदाराचे आभार मानले. ती भांडली असती तर वेम्पीला बरं वाटलं असतं. जहाज उद्या दुपारी सुटणार होतं, म्हणजे बुडी मारायला उद्याची सकाळ तेवढी हातात होती.

दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर बसली. समोर तोच ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी तेच पाणी.

"चुकलं माझं," वेम्पी म्हणाला. "कंबर मोडली असती तरी तुझं सामान आणायला हवं होतं. आयुष्यभर तू दुसऱ्यांना समुद्र दाखवलास आणि तुझी पाळी आली तेव्हा मी वजन बघत बसलो. आणि हे कुणाचं कुठलं पोतं मात्र जिवापाड जपून आणलं. ती बाई फिरकलीसुद्धा नाही."

मायस्के उठली. विस्कटलेले केस मागे सारून त्याच्यासमोर उभी राहिली आणि परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "माफ करा हं. मनाडोच्या नोंचेताईंनी तुमच्याबरोबर माझं एक पोतं पाठवलंय. ते मागायला आलेय."

वेम्पीने मागे वळून बघितलं, कुणी दुसरी बाई आली असेल म्हणून. मग खिशातला चाकू काढून शिवण उसवली. आतून निळा फिन बाहेर आला, त्यावर त्याने स्वतःच लावलेलं ठिगळ.

"म्हणजे चटई मी याच्याखाली घातली होती?"

"फार जपलंस. माझं आहे म्हटलं असतं तर तेर्नातेलाच आपटलं असतंस."

"आणि दुकानातलं नीट बसलं असतं तर?"

"शब्द दिला होता ना. पोतं मुकाट्याने घरी परत गेलं असतं."

"परत म्हणजे, मीच नेलं असतं."

"दुसरं कोण?"

वेम्पीने धास्तीने आत हात घातला. "बुडायला कमरेला बांधायचं ते शिसं नाही ना आणलंस?"

"वजनं आणि सिलिंडर इथे भाड्याने घेऊ. तेवढी दया केली."

सकाळी वेम्पी लहानशा बोटीत बसून बुडबुड्यांकडे बघत होता. नेहमी मायस्के वर यायची ती डोकी मोजतच. आज आली ती नुसती पाण्यावर उताणी पडून राहिली. मास्कमध्ये पाणी होतं. तो मास्क कधी गळत नाही हे वेम्पीला पक्कं माहीत होतं. त्याने हात देऊन तिला वर घेतलं आणि रेग्युलेटर स्वतः गोड्या पाण्यात धुतला.

दुपारी तो धक्क्यावर दाभण आणि सुतळी घेऊन पोतं परत शिवायला बसला. पुढचं बंदर राजा अंपातचं होतं, तिथेही बुडी मारण्यासारखं प्रवाळ होतं.

"आता पोत्यात कशाला?" मायस्के म्हणाली. "बॅगा रिकाम्या झाल्यात, त्यात घाल."

"नको," वेम्पी गाठ मारत म्हणाला. "बॅगेत घातलं की ते तुझं सामान होईल आणि माझी कंबर दुखायला लागेल. राजा अंपातला एक बाई आहे, तिचं म्हणून नेतो. ती येऊन मागेल."