मासा न पकडल्याची पोच

दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वझेकाका गुळगुळीत दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, कपाळाला गंध लावतात आणि गेल्या महिन्यात आपण एकही मासा पकडलेला नाही, हे सरकारला कळवायला निघतात.

नाशकात मासा न पकडणारी माणसं काय थोडी आहेत? आमचा अख्खा गंगापूर रोड आहे. पण ते लेखी कळवून वर त्याची पोच घेऊन येणारे वझेकाका एकटेच. मत्स्य खात्याच्या ऑफिसात ते जो अहवाल देतात, त्यात माशाची जात, लांबी, वजन, ठिकाण असे सगळे रकाने आखलेले असतात आणि प्रत्येक रकान्यात स्वच्छ अक्षरात एकच शब्द असतो: निरंक. म्हणजे काही नाही. त्या काही नाहीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय काका तिथून हलत नाहीत.

"एक दिवस जाऊ नका की," काकू त्यांना म्हणाल्या होत्या. "मासाच पकडला नाही तर सांगायचं काय?"

"नाही सांगितलं, तर पकडला असं समजतील ना!" काका म्हणाले.

आता गंमत अशी, की हा माणूस कट्टर शाकाहारी आहे. मी मालवणकडची. लग्न होऊन नाशकात आले, तेव्हापासून माझ्या घरात बांगडा तळायला घेतला की जिन्यात काकांचं पाऊल थबकतं. नाकाला रुमाल लावून ते विचारतात, "राणेबाई, आज कोणता?" मी सांगते. ते मान हलवून पुढे जातात. मासा खायचा नाही, हातात धरायचा नाही, पण कोणता मासा कुठे आहे हे माहीत असायला हवं, असा त्यांचा हिशेब.

काकांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली, तीही तपासणी विभागात. तिथे स्क्रू पिळला एवढं पुरत नाही, पिळल्याचं कागदावर लागतं. निवृत्त होताना माणसं कारखान्यातून घड्याळ नाहीतर चांदीची वाटी घेऊन येतात. काका ती सवय घेऊन आले. "कागदावर आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरात कोथिंबीर आहे का, असं काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, तर फ्रीज उघडून हे ओरडतात, "निरंक!" एकदा मी त्यांच्याकडे वांग्याचं भरीत पाठवलं. पाठोपाठ चिठ्ठी आली. "भरीत, एक वाटी, सुस्थितीत मिळालं. तिखट जास्त. वाटी परत करीत आहे, पोच द्यावी." मी पोच दिली. न देऊन सांगते कोणाला!

अशा माणसाच्या नशिबी मासे आले ते हनीफभाईंमुळे. हनीफभाई कारखान्यात काकांच्या शेजारच्या टेबलावर फिटर होते. राहायला देवळाली कॅम्पात. यांना गळाचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी धरणावर गळ टाकून बसायचं, लागलेला मासा कौतुकानं बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. आमच्याकडे याला पाप म्हणतात. शहाण्या जगात याला खेळ म्हणतात. दोघं एकदमच निवृत्त झाले आणि त्यांनी मिळून एक लहानशी फायबरची बोट घेतली. हौशी लोकांना धरणाच्या बॅकवॉटरला न्यायचं, मासा पकडू द्यायचा, फोटो काढायचा, मासा सोडायचा. गळ हनीफभाई सांभाळणार आणि कागद काका.

तिथे तसेही लोक बोटी घेऊन जातातच, कोणी विचारत नाही, असं हनीफभाईंचं म्हणणं. पण काका परवान्याशिवाय पाण्यात पाय घालायला तयार नव्हते. ते पाटबंधारेवाल्यांकडे गेले. तिथे कळलं, पाणी आमचं, मासा मत्स्य खात्याचा. मत्स्य खात्यानं सांगितलं, मासा आमचा, पण पाणी त्यांचं. काकांनी दोघांनाही लेखी विचारलं, की मासा पाण्याबाहेर काढल्यापासून परत पाण्यात सोडेपर्यंत तो नक्की कोणाचा? याचं उत्तर यायला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. उत्तर आलं, ते असं होतं, की स्थानिक मच्छीमार सोसायटीचं ना हरकत पत्र जोडा.

सोसायटीचे चेअरमन धरणाकाठच्या गावचे. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमी मासा धरनार, मोजनार आन् परत सोडनार?"

"हो."

"मंग आमची काय हरकत? पर काका, घरी समदं बरं हाय ना?"

तर असा तो परवाना मिळाला. काकांनी तो फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावला. काकूंनी विरोध केला नाही. रोज देवाबरोबर त्यालाही फडकं मारतात.

पहिली एक-दोन वर्षं मुंबईची माणसं यायची, मोठमोठ्या टोप्या घालून. हनीफभाई त्यांना गळ टाकायला शिकवायचे आणि काका मागे पट्टी घेऊन उभे. मग हनीफभाईंना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले. त्यांच्याशिवाय काकांना मुंबईकर कुठून सांभाळता येणार? गिऱ्हाईक तुटलं आणि निरंक सुरू झालं.

परवान्याची एक अट मात्र होती: सबंध वर्ष निरंक गेलं, निदान एक फेरी झाली नाही, तर नूतनीकरण नाही. मार्च उजाडला तसे काकांचे डोळे खोल गेले. नळाला पाणी नसलं तरी न चिडणारा माणूस काकूंवर चिडू लागला. "टाका की विकून ती बोट आता," मी सहज म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काकूंनाच विका म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली.

"राणेबाई, तुम्हाला मासेमारीची हौस आहे."

"मला? नाही हो काका. मला खायची हौस आहे."

"आहे. इथे सही करा."

मी नको म्हणू शकले असते. पण काका आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कागदाच्या कडा पुन्हा पुन्हा जुळवत होते. परवाना गेला तर हा माणूस आजारी पडेल, हे मला दिसत होतं. सही करण्यापूर्वी त्यांनी सगळ्या अटी क्रमांकासकट मोठ्यानं वाचून दाखवल्या. नियमाप्रमाणे ग्राहकाला ऐकवाव्याच लागतात म्हणे. जाळं वापरणार नाही. जॅकेट काढणार नाही. अमुक मापापेक्षा लहान मासा असेल तर बोटीत घेणारसुद्धा नाही. पकडलेला मासा घरी नेणार नाही. या शेवटच्या अटीवर सही करताना मला माहेरच्या सगळ्या मंडळींची आठवण झाली.

रविवारी सकाळी निघालो. काकूंनी गळाला लावायला कणीक मळून दिली होती, हिंग घालून. "माशांनाही पचायला बरं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता सरळ धरणावर जाऊ. तर काकांनी गाडी उलटीच वळवली आणि थेट देवळाली कॅम्प गाठलं.

दार हनीफभाईंच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी उघडलं. "देखो भाईसाब, तुम्हीच सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ईदला भावाकडे नाही आले. बाजारात नाही. लोक हाताकडे बघतात म्हणतात."

हनीफभाई आत खुर्चीत बसले होते. काकांना बघून त्यांनी तोंड फिरवलं. "वझे, तू जा. मैं क्या करूँगा उधर? हात तो चलता नहीं."

"हाताचा प्रश्नच नाही," काका म्हणाले. "बोटीवर परवानाधारकाखेरीज एक अनुभवी मदतनीस असलाच पाहिजे, अशी अट आहे. तू नाहीस तर बोट निघत नाही. बोट निघाली नाही तर परवाना रद्द. बघ बाबा."

"दुसरा कोई ले ले."

"अनुभवी म्हटलंय. दुसऱ्याचं नाव चढवायचं तर परत पाटबंधारेपासून सुरुवात."

हनीफभाईंनी सरकारला एक सणसणीत शिवी घातली. मग जुबेदाभाभींना म्हणाले, "जॅकेट निकाल. क़ानून है तो क्या करें."

मी दारात उभी राहून चकित झाले. सहीच्या वेळी एवढ्या अटी ऐकल्या, त्यात ही कुठे होती? आणि एरवी क्रमांक सांगितल्याशिवाय अट न सांगणारे काका या अटीचा क्रमांक काही बोलले नाहीत. म्हटलं, माझाच डोळा लागला असेल मध्ये.

पाण्यावर गेल्यावर हनीफभाई दुसरेच झाले. मच्छीमार सोसायटीच्या दोन पोरांनी त्यांना उचलून बोटीत बसवलं, तेव्हा मान खाली होती. बोट आत शिरली आणि मान वर आली. "बहनजी, डोरी ढीली छोडो. अजून. वझे, मशीन बंद कर, मासा काय तुझा नोकर आहे का?" काका मुकाट्यानं मशीन बंद करत. मी हिंगाचा गोळा लावून गळ टाकला. उन्हात पाठ भाजून निघाली, पाय आखडले, आणि मी देवाला सांगितलं की एक मासा दे, मी उपास करीन. तेवढ्यात दोरी ताणली.

मी किंचाळले. हनीफभाई ओरडले, "खींचो मत! खेलने दो उसको!" मला वाटतं त्या वेळी खेळत होता तो मासाच, मी नुसती ओढली जात होते. हनीफभाईंनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि गळ कसा सोडायचा, कसा घ्यायचा ते मनगटानंच सांगितलं. शेवटी जाळीच्या पिशवीत आला तो चांगला थोराड कटला. गोड्या पाण्यातल्या माशाला आम्ही मासा म्हणत नाही, पण त्या कटल्याला मी मनातल्या मनात हळद लावून टाकली. काकांनी नाकाला रुमाल लावून पट्टी धरली. "वैध माप," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग माझ्या डोळ्यांदेखत कटला पाण्यात गेला. माझेही भरून आले, कारण वेगळं.

काठावर मत्स्य खात्याचे भामरेसाहेब उभे होते. तपासणीला या, असं पत्र काकांनीच पाठवलं होतं. भामरेसाहेब सटाण्याकडचे, तरुण, काकांचे सगळे निरंक त्यांच्याच टेबलावर जातात. त्यांनी फोटो बघितला, माप बघितलं, मला विचारलं, "बाई, मजा आली का?" मी हो म्हटलं. सही करायला त्यांनी पेन काढलं आणि तेवढ्यात ती दोन पोरं हनीफभाईंना बोटीतून उतरवू लागली.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"मदतनीस," काका म्हणाले. "अटीप्रमाणे. अनुभवी मदतनीस लागतो ना."

"मदतनीस? काका, अशी अट तर..."

साहेब थांबले. मी काकांकडे बघितलं. मला तेव्हा लखकन कळलं. माझा डोळा वगैरे काही लागला नव्हता. जन्मात पोच घेतल्याशिवाय वाटी परत न करणाऱ्या या माणसानं एक अख्खा नियम मनानं रचला होता, आणि तो सरकारी माणसासमोर उघडा पडायला आला होता. काका नुसते साहेबांकडे बघत राहिले, एखादं पोर परीक्षेच्या निकालाकडे बघतं तसे. हनीफभाई पोरांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि तेही बघत होते. साहेबांनी पुढचा शब्द उच्चारला असता, तर हनीफभाई पुन्हा कधी घरातल्या त्या खुर्चीतून उठले नसते.

भामरेसाहेबांनी पेनाचं टोपण उगीचच लावलं, काढलं.

"अशी अट तर हल्ली कोणी पाळतच नाही, असं म्हणत होतो मी," ते म्हणाले. "तुम्ही पाळता. फार चांगलं आहे. चाचा, तब्येत सांभाळा. तुम्ही नसाल, तर मला यांचा परवाना रद्द करावा लागेल."

हनीफभाईंची छाती जॅकेटमध्ये फुगली. "साहब, मेरे बिना ये बोट की रस्सी नहीं खोल सकता," ते म्हणाले. साहेबांनी सही केली. काकांनी कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दुसरी प्रत मागायची ते विसरले.

मला खोटं खपत नाही. भाजीवाल्यानं शिळी मेथी ताजी म्हणून दिली तर मी चार घरं ऐकतील असं भांडते. पण त्या दोघा खोटं बोलणाऱ्यांच्या पाया पडावं, असं मला तेव्हा वाटलं.

परत कॅम्पात आलो. काका हनीफभाईंना धरून दारापर्यंत घेऊन गेले, मी मागून गळ आणि पिशव्या घेऊन. हनीफभाई दमले होते, पण बाहेरच्या पायरीवरच टेकले, आत जाईनात. शेजारचा कोणीतरी जाताना सलाम करून गेला, तर यांनी डावा हात वर केला.

"तो अब अगले साल," ते म्हणाले.

काकांनी घसा साफ केला.

"नाही नाही. साहेब जाता जाता बोलले, नवीन नियम आलाय. दर महिन्याला बोट पाण्यात उतरवून तपासायची. मदतनीसासह."

"हर महिने?"

"दर महिन्याला."

"ये सरकार भी ना," हनीफभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "आदमी को चैन से बैठने नहीं देती." आणि आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "जुबेदा, जॅकेट धूप में डाल. अगले महिने फिर लगेगा."